दमा तोच, मग हॉस्पिटलची खाट यांच्याच वाट्याला का?

एकाच गावात, एकाच हवेत वाढणारी दोन मुलं. दोघांनाही दमा. एक खेळत-बागडत मोठं होतं, दुसऱ्याला दर पावसाळ्यात अ‍ॅडमिट करावं लागतं. हा फरक वंशाचा, रक्ताचा की आणखी कशाचा? तंजावरपासून लंडनपर्यंत या प्रश्नाचा माग काढला, तर उत्तर आपल्याच घरात सापडतं...

दम्याचे रुग्ण भारतात किती? जगातल्या दर १०० रुग्णांमागे साधारण १३. आणि दम्यानं मरणारे? जगातल्या दर १०० मृत्यूंमागे ४२! 'ग्लोबल बर्डन ऑफ डिसीज' या जागतिक पाहणीतले हे २०१९ सालचे आकडे आहेत. जगाच्या लोकसंख्येत आपला वाटा सहाव्या हिश्शाहून थोडा जास्तच. त्या मानानं दमा आपल्याकडं कमीच म्हणायचा. मग मरणात आपण एवढे पुढं कसे?

याचं कारण असं की, दमा कुणाला होतो हा एक प्रश्न आणि दमा झालेल्यांपैकी हॉस्पिटलात कुणाला न्यावं लागतं हा अगदी वेगळा प्रश्न. पहिल्याचं उत्तर काही अंशी आनुवंशिक असतं. आई किंवा वडिलांना दमा, अ‍ॅलर्जी असेल तर मुलाला तो होण्याची शक्यता वाढते. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र स्वयंपाकघरात, औषधाच्या कपाटात आणि घरापासून दवाखान्यापर्यंतच्या रस्त्यात शोधावं लागतं.

दम्यात श्वासनलिकांना आतून सूज असते. मूल हसत-खेळत असतं तेव्हाही ती थोडीफार टिकून असते. मग सर्दी, धूर, धूळ, थंड हवा असं काही तरी निमित्त होतं. नलिकांभोवतीचे स्नायू आवळतात, चिकट कफ साठतो आणि श्वास बाहेर पडताना छातीतून शिट्टी वाजू लागते. अटॅक दिसतो तो रात्री दोन वाजता, पण त्याची तयारी आत कित्येक दिवस चाललेली असते. ही गोष्ट ज्या घराला कळली, त्या घरातलं मूल बहुधा हॉस्पिटल टाळतं.

शिट्टी की घरघर?

मुलांच्या दम्याची जगभरातली मोजदाद १९९०च्या दशकात 'आयझॅक' या पाहणीनं प्रथम एका मापानं केली. ५६ देशांतल्या १३-१४ वर्षांच्या साडेचार लाखांहून अधिक मुलांना तेच प्रश्न विचारले गेले. आपल्याकडं मुंबई, पुणे, अकोला आणि तमिळनाडूत मद्रास व नेयवेली ही त्याची काही केंद्रं होती. १९९८ साली निष्कर्ष छापून आले. गेल्या बारा महिन्यांत छातीत शिट्टी वाजली असं सांगणारी मुलं ब्रिटनमध्ये १०० पैकी ३२ च्या घरात होती, तर भारतात ६ च्या आसपास.

या पाहणीत एक अडचण होती ती शब्दांची. इंग्रजीतल्या 'व्हीझ'ला अनेक भाषांत नेमका शब्दच नाही. आपण 'घरघर' म्हणतो, 'छाती भरली' म्हणतो, 'धाप लागली' म्हणतो. तमिळमध्ये 'इळैप्पु' म्हणजे धाप आणि 'इळैप्पु' म्हणजे रोडावणं, थकणंसुद्धा. म्हणून पुष्कळ ठिकाणी मुलांना दम्याच्या रुग्णांची व्हिडिओफीत दाखवून 'तुला असं होतं का?' असं विचारण्यात आलं.

शब्दांचा हा घोळ घरातही नडतो. 'छाती भरते, मोठेपणी जाईल' असं म्हणून वर्षं निघून जातात. भारतातल्या नऊ केंद्रांवर मुलं आणि पालक मिळून सव्वा लाखाहून अधिक लोकांची पाहणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. ज्यांच्या छातीत शिट्टी वाजत होती, त्यांच्यापैकी ८२ टक्के लोकांना हा दमा आहे असं कोणत्याही डॉक्टरनं सांगितलेलं नव्हतं. जबर लक्षणं असणाऱ्यांतही निदान न झालेले ७० टक्के निघाले. ज्या रोगाला नावच मिळालं नाही, त्याला रोजचं औषध कुठून मिळणार? अशा मुलाची डॉक्टरांशी पहिली गाठ पडते तीच कॅज्युअल्टीत.

विलायतेतले आपले लोक

एकाच देशात राहणाऱ्या निरनिराळ्या समाजांची तुलना केली की हा फरक लख्ख दिसतो. ब्रिटनमध्ये भारत, पाकिस्तान, बांगलादेशातून गेलेली लाखो कुटुंबं आहेत. तिथल्या अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र मांडणारा एक लेख २००५ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. डॉक्टरांनी निदान केलेला दमा गोऱ्या मुलांत १०० पैकी साधारण १०-११ जणांना, कृष्णवर्णीय मुलांत १५ जणांना आणि दक्षिण आशियाई मुलांत फक्त ७-८ जणांना आढळला. म्हणजे दमा आपल्या मुलांत सगळ्यात कमी.

पण दम्यासाठी हॉस्पिटलात दाखल होण्याचं प्रमाण पाहिलं, तर चित्र उलटं झालं. मुलं-मोठी सगळी धरून, गोऱ्यांच्या तुलनेत दक्षिण आशियाई लोकांत ते जवळजवळ तिप्पट होतं, कृष्णवर्णीयांत दुप्पट. रोग कमी आणि खाटा जास्त!

यामागचं कारण शोधायला पूर्व लंडनमधल्या संशोधकांनी दम्याच्या प्रौढ रुग्णांशी सविस्तर बोलून पाहिलं. त्यांचा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. दाखल झालेल्या दक्षिण आशियाई रुग्णांपैकी अनेकांचा तात्पुरता आराम देणाऱ्या औषधावर भर होता आणि रोज घ्यायच्या औषधाचं काम काय हे त्यांना नीटसं उमगलेलं नव्हतं. अटॅक वाढू लागला की घरच्या घरी काय करायचं याचा आत्मविश्वास त्यांना कमी होता. गोऱ्या रुग्णांना बहुधा ते ठाऊक असे. औषधं दोघांनाही उपलब्ध होती. तरीही ती का, केव्हा आणि कशी घ्यायची ही समज एकाच घरात पोचली होती.

रक्त किती, राहणी किती?

'हे सगळं वंशाचंच असेल' असं कुणी म्हणेल. त्याचं उत्तर अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरानं दिलं. तिथं दम्यासाठी एकदा दाखल झालेल्या मुलांवर संशोधकांनी वर्षभर लक्ष ठेवलं. वर्षाच्या आत पुन्हा अ‍ॅडमिट व्हावं लागलेली मुलं कृष्णवर्णीयांत १०० पैकी २३ होती, गोऱ्यांत ११. मग दोन्ही गटांतल्या कुटुंबांची मिळकत, घराची स्थिती, आईवडिलांवरचा ताण, औषधांची नियमितता, डॉक्टरांपर्यंतची पोच अशा गोष्टी गणितानं सारख्या करून पाहिल्या. दोन समाजांमधला ८० टक्के फरक एवढ्यानंच समजावता आला. सर्वांत मोठा वाटा गरिबीचा आणि ओढगस्तीचा होता.

अमेरिकेतलीच आणखी एक गोष्ट प्रत्येक गृहिणीनं लक्षात ठेवावी अशी आहे. मोठ्या शहरांच्या गरीब वस्त्यांतल्या दमेकरी मुलांच्या अभ्यासात एक खलनायक सापडला. तो म्हणजे झुरळ! ज्या मुलांना झुरळाची अ‍ॅलर्जी होती आणि ज्यांच्या झोपायच्या खोलीत झुरळांचा अंश पुष्कळ होता, त्यांच्यावर हॉस्पिटलात जाण्याची पाळी इतरांच्या तिपटीहून अधिक वेळा आली. हे १९९७ साली प्रसिद्ध झालं. मोडकी मोरी, गळका नळ, दाटीवाटीची चाळ असली की झुरळं येतातच. असं घर कोणत्याही वंशाच्या माणसाच्या वाट्याला येऊ शकतं.

तंजावर : हवा एक, घरं निराळी

आता हेच सूत्र हाती धरून तंजावरला जाऊ. मराठी माणसाला हे गाव परकं नाही. १६७०च्या दशकात व्यंकोजीराजांनी तिथं भोसल्यांची गादी स्थापली. १८५५ मध्ये इंग्रजांनी ते राज्य खालसा केलं, तरी मराठी बोलणारी घरं तिथं आजही आहेत. तमिळ, तेलुगू आणि रेशीम विणणारी सौराष्ट्री घरं त्यांच्या शेजारी नांदतात. भाषा अनेक, हवा मात्र सगळ्यांना तीच.

ती हवा दमट. कावेरीच्या खोऱ्यातलं हे भाताचं कोठार. आपला पाऊस ओसरतो तेव्हा तिथला ईशान्य मोसमी पाऊस सुरू होतो आणि ऑक्टोबर ते डिसेंबर मुक्काम ठोकतो. भिंतींना ओल येते, गाद्या-उशा दमट होतात. डोळ्यांना न दिसणारे धुळीतले बारीक कीटक, ज्यांना डॉक्टर 'डस्ट माइट' म्हणतात, अशाच ओलसर गाद्यांत वाढतात. त्यात पावसाळी सर्दी. मुलांच्या दम्याचे निम्म्याहून अधिक अटॅक सर्दीच्या विषाणूंनंतर येतात.

पाठोपाठ पोंगल येतो. आपल्याकडं भोगी म्हणजे तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि मिसळीची भाजी. तमिळनाडूत भोगी म्हणजे पहाटेची होळी. घरातल्या जुन्या चटया, झाडू, कपडे दारात जाळले जातात. अलीकडच्या काळात त्यात टायर आणि प्लॅस्टिकही पडू लागलं. ते जाळू नका, असं आवाहन तिथल्या प्रदूषण नियंत्रण मंडळाला दर वर्षी करावं लागतं.

धुराचं आणखी एक रूप मायेचं आहे. बाळाला न्हाऊ घातलं की तिथं सांब्राणीची, म्हणजे उदाची धुरी देतात. आपल्याकडं शेगडीवर ओवा, बाळंतशेपा टाकून धुरी देतात. तंजावरच्या मराठी घरात या दोन्ही चाली भेटल्या तर नवल नाही. आजीच्या हेतूबद्दल शंका नाही, पण ज्याच्या श्वासनलिका सुजलेल्या आहेत, त्या बाळाला उदाचा, उदबत्तीचा, मच्छर कॉइलचा आणि बिडीचा धूर सारखाच बाधतो.

एवढं सगळ्यांना समान. मग फरक कुठं पडतो? एका घरात वेगळं स्वयंपाकघर आहे, गॅस आहे, धूर बाहेर जायला खिडकी आहे. दुसरं घर शेतमजुराचं. झावळ्यांच्या छपराखाली एकच खोली, तिथंच लाकडाची चूल आणि तिथंच पोरांची अंथरुणं. तमिळनाडू सरकारनं या शतकाच्या पहिल्या दशकात गरिबांना मोफत गॅस-शेगड्या वाटल्या, २०१६ पासून केंद्राची 'उज्ज्वला' योजना आली. पण सिलिंडर संपला आणि हातात पैसे नसले, की चूल पुन्हा पेटते. धाप लागली तर पहिल्या घरातलं मूल दहा मिनिटांत डॉक्टरांपुढं असतं. दुसऱ्या घरातला बाप मजुरी बुडवून सकाळच्या बसची वाट पाहतो. तोवर साधा अटॅक अवघड होऊन बसतो.

आकडा कमी म्हणजे आजार कमी?

तंजावरच्या राजा मिरासदार हॉस्पिटलची ओळख त्याच्या नावातच आहे. राजघराणं आणि मिरासदार यांच्या दातृत्वातून ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उभं राहिलं. पुढं ते सरकारी झालं आणि तंजावर मेडिकल कॉलेजशी जोडलं गेलं. बाळंतिणी आणि लहान मुलं यांच्यासाठी आसपासची खेडी याच हॉस्पिटलकडं येतात.

अशा कोणत्याही सरकारी वॉर्डाचं रजिस्टर उघडलं, तर त्यात गरीब मुलं जास्त दिसणारच. सुखवस्तू घरातल्या मुलाला फॅमिली डॉक्टरांकडं नेब्युलायझरची वाफ मिळते, रात्री ते आपल्या अंथरुणात झोपतं. त्याची नोंद कुठल्याच वॉर्डात होत नाही. याच्या उलटही घडतं. एखाद्या वाडीतून कुणीच दाखल होत नाही, म्हणून तिथं दमा नाही असं समजू नये. तिथून हॉस्पिटलपर्यंत कुणी पोचतच नसेल.

मुलींच्या बाबतीत हे फार लक्षात ठेवावं लागतं. लहान वयात दमा मुलींपेक्षा मुलग्यांत जास्त आढळतो, वयात येताना हे प्रमाण फिरतं. पण मुलीच्या दम्याला आपल्याकडं आणखी एक दुखणं चिकटतं, ते म्हणजे लपवाछपवी. 'पंप घेते हे कळलं तर स्थळं येतील का?' या धास्तीनं पंप कपाटात दडतो. लपवलेल्या पंपाची वेळ नेहमी चुकते आणि शेवटी जे झाकायचं होतं तेच अँब्युलन्समधून चारचौघांत जाहीर होतं.

सरफोजीराजांची वही

नोंद ठेवण्याचा धडा तंजावरनं फार पूर्वी घालून दिला आहे. १७९८ ते १८३२ गादीवर असलेले सरफोजीराजे दुसरे हे विद्येचे मोठे भोक्ते. सरस्वती महाल ग्रंथालयामुळं त्यांचं नाव जगभर झालं. त्यांच्या धन्वंतरी महालात देशी औषधांचे पाठ पारखले, उतरवून घेतले जात. ते पाठ पुढं 'शरभेंद्र वैद्य मुरैगळ' या तमिळ ग्रंथमालेत आले. त्यात गर्भिणी आणि बालरोगांवरचा भाग आहे, तसा खोकला-दम्यावरचाही आहे. राजांना नेत्रवैद्यकाची विशेष आवड होती. डोळ्यांच्या रुग्णांची टिपणं, तीही रंगीत चित्रांसह, त्यांच्या संग्रहात आजवर जपलेली आहेत. रुग्ण कोण, तक्रार काय, उपचार कोणता, गुण आला का, हे दोनशे वर्षांपूर्वी कागदावर उतरत होतं.

दमेकरी मुलाच्या घरी अशीच एक साधी वही हवी. रात्री खोकला झाला का, पंप किती वेळा लागला, शाळा बुडाली का, त्या दिवशी घरात काय वेगळं घडलं, या चार नोंदी ठेवाव्यात. महिनाभराची वही पाहून डॉक्टरांना जे कळतं, ते पाच मिनिटांच्या तपासणीत कळत नाही.

पंपाची भीती

'एकदा पंप लागला की सुटत नाही', 'पंप हा शेवटचा उपाय', 'स्टिरॉइडनं मूल खुजं राहतं'... ही वाक्यं पुण्यातही ऐकू येतात आणि तंजावरातही. आता जरा हिशेब करू. साल्ब्युटामॉलची गोळी २ मिलिग्रॅमची असते. पंपाच्या एका फवाऱ्यात तेच औषध १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे गोळीच्या विसावा हिस्सा! कारण पंपातलं औषध थेट श्वासनलिकेत जातं, गोळीचं औषध पोटातून साऱ्या अंगभर फिरतं. 'पंप नको, गोळीच द्या' म्हणणारी आई नकळत वीसपट औषध मागत असते.

पंप दोन प्रकारचे असतात. एक आवळलेले स्नायू सैल करून तात्पुरता आराम देतो. दुसरा, कमी मात्रेतल्या स्टिरॉइडचा, आतली सूज उतरवतो. तो आठ-पंधरा दिवसांत बंद करण्यासाठी नसतो. फक्त पहिल्यावर भागवणं म्हणजे छप्पर गळतंय आणि आपण जमीन पुसतोय. २०१९ पासून दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांनी मोठ्या मुलांना आणि प्रौढांना नुसत्या आराम देणाऱ्या पंपावर ठेवू नये असं बजावलं आहे. भारतात मात्र दम्याचं निदान झालेल्यांतही रोजचा स्टिरॉइड पंप घेणारे १०० पैकी १० सुद्धा नाहीत, असं २०२२च्या त्याच पाहणीत दिसलं.

उंचीचं म्हणाल तर अमेरिकेत स्टिरॉइड पंप घेतलेल्या मुलांना मोठेपणापर्यंत मोजत राहिलेल्या अभ्यासात सरासरी फरक निघाला १.२ सेंटिमीटर. वारंवार अटॅक येणाऱ्या मुलाची वाढ, झोप, शाळा यांचं नुकसान त्याहून कितीतरी मोठं असतं.

मग अडुळसा वाईट का? मुळीच नाही. कफ पातळ करणारं ब्रोमहेक्सिन हे आधुनिक औषध अडुळशातल्या द्रव्यावरूनच निघालं. पण अडुळशाच्या काढ्यानं दम्याची सूज आटोक्यात राहत नाही. मृगाच्या दिवशी हैदराबादला जाऊन माशातून औषध घेणाऱ्यांनीही एवढं पाहावं, की त्या भरवशावर मुलाचा रोजचा पंप बंद होऊ नये. धोका तिथं आहे.

रोग वाढला, खाटा रिकाम्या झाल्या

हे सगळं बदलता येतं का? फिनलंडनं १९९४ मध्ये दहा वर्षांचा दमा-कार्यक्रम हाती घेतला. नवीन औषध शोधलं नाही. गावोगावच्या डॉक्टर, नर्स आणि औषध दुकानदारांना शिकवलं, सूज उतरवणारं औषध लवकर सुरू केलं आणि रुग्णाच्या हातात 'काय झालं तर काय करायचं' हे लेखी दिलं. त्या दशकात दम्याचे रुग्ण कमी झाले नाहीत, उलट वाढले. पण दम्यासाठी हॉस्पिटलात काढलेले दिवस वर्षाला १ लाख १० हजारांवरून ५१ हजारांवर आले.

तमिळनाडूकडं याची निम्मी तयारी आहे. सरकारी दवाखान्यांसाठी औषधं एकगठ्ठा खरेदी करणारं तिथलं महामंडळ १९९४ मध्ये स्थापन झालं आणि पुढं इतर राज्यांनी त्याचा कित्ता गिरवला. औषध फडताळापर्यंत पोचवता येतं हे सिद्ध झालं आहे. फडताळापासून शेतमजुराच्या झोपडीपर्यंतचं, पंप कसा ओढायचा हे आईला शिकवण्याचं काम उरतं. ते महाराष्ट्रातही उरतंच.

हॉस्पिटलातून मूल बरं होऊन घरी आलं की आपण पेढे वाटतो. खरं तर तो दिवस विचार करण्याचा. अ‍ॅडमिट व्हावं लागलं, म्हणजे त्याआधीच्या आठवड्यांत कुठं तरी उपचार कमी पडला. एकदा दाखल झालेलं मूल पुन्हा दाखल होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. म्हणून आठवड्याच्या आत डॉक्टरांना पुन्हा दाखवावं आणि रोजचं औषध कोणतं हे लिहूनच घ्यावं.

हे लक्षात असू द्या

● लहान मुलाला पंप नेहमी स्पेसर लावून द्यावा, अगदी लहानाला मास्कसह. एका वेळी एकच फवारा, मग पाच-सहा सावकाश श्वास, मग दुसरा.

● स्टिरॉइड पंपानंतर चूळ भरायला लावावी.

● अंथरूण-पांघरूण उन्हात घालावं, उशांचे अभ्रे गरम पाण्यात धुवावेत. झाडू मारताना मुलाला त्या खोलीत ठेवू नये.

● घरात विडी-सिगारेट, कॉइल, धुरी बंद. चूल असेल तर मुलाचं अंथरूण तिथून हलवावं.

● शाळेत बाईंना मुलाच्या दम्याची कल्पना द्यावी, दप्तरात आराम देणारा पंप ठेवावा.

● मूल एक वाक्य सलग बोलू शकत नाही, श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते, ओठ निळसर दिसतात, तान्हं बाळ दूध ओढत नाही किंवा पंपाचा आराम चार तासही टिकत नाही, यातलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट पाहू नये. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे आराम देणारा पंप देत राहावं आणि तडक हॉस्पिटल गाठावं. अँब्युलन्सचा १०८ हा नंबर महाराष्ट्रात आणि तमिळनाडूत एकच आहे.